अम्मीनं पाहिलेला चांद
नव्या तांदळाच्या भाताचा वास आला की मला आजही संताप येतो. साकोलीजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी बकरीदच्या महिन्याचा चांद अम्मीनं पाहिला होता, धान कापून तलावाच्या पाळीवरून परतताना. मशिदीतल्या माणसांना तो दिसला नाही, तिचं कुणी ऐकलंही नाही आणि महिना एक दिवस उशिरा धरला गेला. महिन्याच्या दहाव्या दिवशी येणाऱ्या या ईदच्या आदल्या दिवसाचा रोजा सक्तीचा नसतो, पण अम्मी तो कधी सोडत नसे. तिनं आपल्या चांदाप्रमाणे तो ठेवला, तर भरदुपारी अब्बांनी तिच्यापुढं गरम भाताचं ताट आदळलं. "गावाले दिसला नाही, अन् तुले एकटीलेच चांद दिसला काहून? असा रोजा ठेवाले नवऱ्याची परवानगी लागते. खा!" अम्मीनं मान खाली घालून घास गिळला. दिवस मावळताना नागपूरहून निरोप आला, की अम्मी सांगत होती त्याच संध्याकाळी तिकडंही चांद दिसला होता. म्हणजे ईद उद्याच. "मसाला वाटून ठेव," अब्बा तिला म्हणाले, "उद्या ईद हाये." एवढंच. अब्बांना जाऊन वर्षं झाली. बाकी सगळं मी त्यांना माफ केलं, तो घास नाही.