आयुबचा जवाब

मी हबशी आहे आणि मला तालाचा गंध नाही. पहिली गोष्ट माझ्याकडं पाहिलं की कळते. दुसरी तामलवाडीकरांना पटायला माझं लग्न व्हावं लागलं.

माझा आजा आफ्रिकेतून निजाम सरकारच्या रिसाल्यात आला. बापानं त्याच रिसाल्यात घोड्यावर जन्म काढला. मी मात्र घोड्यावरून इतक्यांदा पडलो, की घोड्यांच्या हिताचा विचार करून मला तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर जकातीचा शिपाई नेमलं. सोलापूरकडून, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतून येणाऱ्या बैलगाड्या अडवायच्या आणि गोण्यांत काय आहे विचारायचं, एवढंच काम. गाडीवान मला घाबरत, मी त्यांच्या बैलांना.

गावात कुठंही वाद्य वाजलं की लोक मला पुढं ढकलत. "आयुबभाई, वाजवा की. तुमच्या रक्तातच हाय ते." मी नाही म्हणालो की त्यांना तो विनय वाटे. एकदा आग्रहाला बळी पडून ढोल गळ्यात अडकवला. नाक्यावरच्या दोन बैलांनी दावी तोडली आणि ते इंग्रजी हद्दीत पळाले. तरी लोक माना हलवत म्हणाले, "हबशी ताल हाय. आपल्याला कळायचा न्हाय."

माझी आई सायराबी हैद्राबादेत रिसाल्याच्या वस्तीत वाढलेली. तिथं लग्न म्हणजे मर्फा. डफ, हंडे, लाकडी थाप्या आणि भोवती अख्खी गल्ली. माझ्याआधीची तिची मुलं जगली नव्हती. माझ्या वेळी तिनं मन्नत मागितली, की हा जगला तर याची वरात मर्फा वाजवतच निघेल. मी जगलो, आणि पंचाईत तिथंच झाली.

माझं लग्न गावातल्या लालमहंमद पिंजाऱ्याच्या जमिलाबीशी ठरलं. मला मुलगी द्यायला तयार झालेला हा पहिला आणि बहुधा शेवटचा बाप. शिवाय जमिलाबी मला मनापासून आवडली होती. मोहरम तोंडावर आला होता, आणि त्या महिन्यात आमच्यात लग्नं होत नाहीत. ही तारीख चुकली तर लग्न पुढं जाणार होतं, आणि लालमहंमदच्या भावकीनं तिच्यासाठी दुसरं स्थळ हेरूनच ठेवलं होतं. नेमकी तेव्हा जगाची दुसरी मोठी लढाई पेटलेली. मोटारींना पेट्रोल मिळेना, म्हणून हैद्राबादचे वाजवणारे येणार नाहीत असा निरोप आला. अम्मीनं एका वाक्यात निकाल दिला, "मर्फा नै तो बारात नै."

धावून आला तो बिराप्पा. हा धनगर बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवायचा आणि एरवी नाक्यावर माझ्याशी तंबाखू मळत बसायचा. म्हणाला, "अम्मा, तुमी बोल सांगा, मी हातात धरतो." अम्मी लाटण्यानं पत्र्याच्या डब्यावर वाजवू लागली. दिवस मावळेपर्यंत त्यानं सगळं उचललं. अम्मीनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली, "बजातै तो बराबर. पन अपना नै लगता."

"काय कमी हाय, अम्मा?"

तेव्हा तिनं सांगितलं. मर्फ्यात मधेच वाजवणारे श्वासभर थांबतात आणि त्या जागी सगळी गल्ली एका गळ्यानं "हौ" म्हणते. त्याला आमच्यात जवाब म्हणतात. आमचे आजे दिवसभर परेडीत हुकमाला "हाजिर" म्हणत. संध्याकाळी हा एक जवाब तेवढा स्वतःच्या मर्जीनं देत. "जवाब देनेवाले इधर कहां हैं?" अम्मीनं विचारलं.

बिराप्पानं ढोल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आमच्याबी नाचात हाक असती. सालभर दुसऱ्याच्या शिवारातनं मेंढरं घेऊन मान खाली घालून जायचं, अन् बिरोबाम्होरं एकदा मोकळं वरडायचं. पर तुमची हाक मी कशी देऊ? ती तुमच्यातल्यानंच द्यावी."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी डब्याकडं पाहिलं.

वरातीच्या दिवशी मला पुन्हा घोड्यावर बसवलं. तोंडावर सेहरा होता, त्यामुळं निदान भीती झाकली गेली. बिराप्पानं सुरुवात केली. अम्मी उंबऱ्यात उभी होती, पाऊल बाहेर टाकत नव्हती. जवाबाची जागा आली आणि ढोल थांबला. मी मनात ठोके मोजत होतो आणि अर्थात चुकलो होतो. लालमहंमद खाली मान घालून उभा राहिला. सगळं संपलं असं मला वाटलं. तेवढ्यात बापाची आठवण आली. परेडीहून थकून यायचा, एक बूट पायात आणि एक हातात, तसाच दारातून गल्लीच्या मर्फ्याला जवाब द्यायचा. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हौ!"

मधल्या वेळात एखादी बैलगाडी सहज निघून गेली असती. पण बिराप्पाची काठी हवेतच होती. तो माझ्याकडं बघत थांबला होता. माझी हाक आली आणि मगच काठी खाली आली. पुढच्या फेरीत मी पुन्हा उशीर केला आणि तो पुन्हा थांबला. त्याच्या पुढच्या फेरीत त्याचे धनगर, लालमहंमदचे पिंजारी, झाडून सगळे माझ्याबरोबर ओरडले, माझ्याइतक्याच उशिरानं. अम्मी उंबरा उतरून खाली आली. ती रडत होती, आणि माझा ताल ऐकून कपाळावर हातही मारत होती.

लढाई संपल्यावर मेव्हणीच्या लग्नाला हैद्राबादचे वाजवणारे आले. ते रीतीप्रमाणं श्वासभर थांबले आणि पुढं वाजवू लागले, तोच अख्खी तामलवाडी "हौ" म्हणत त्यांच्या ठोक्यांवर कोसळली. सगळं विस्कटलं. उस्तादांनी डफ खाली ठेवला आणि हे गलत कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी हळूच मांडवाच्या खांबामागं सरकत होतो.

अम्मी म्हणाली, "गलत नै, उस्ताद. इधर आयुब के वास्ते रुकतै."