सर्व्हरचा सातबारा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातला, सोयरीक आणि ट्रॅक्टर यांच्या खालोखालचा सर्वांत मोठा निर्णय साताऱ्यात, बसस्थानकामागच्या एका दुसऱ्या मजल्यावर घेण्यात आला. वहिनीच्या घोंगड्यांची वेबसाइट कुठे ठेवायची, हा तो निर्णय.

वहिनी आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणून घेते. आजवर तो माल व्यापारी उचलायचा. यंदा म्हसवडच्या यात्रेत तिला स्वतःचा स्टॉल टाकून वेबसाइटचा पत्ता फलकावर झळकवायचा होता. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, फौजेतून सुभेदार म्हणून परतलेला. त्याने अट घातली होती: यात्रेच्या दिवशी वेबसाइटवरून एक तरी घोंगडं विकलं गेलं तर धंदा वहिनीचा, नाहीतर पुन्हा व्यापारी.

आम्ही तिघं ज्याच्यासमोर बसलो तो होस्टिंगवाला, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्याने देणारा, पन्नाशीचा, शेतकऱ्यांना समजावून समजावून गोड झालेला.

"शेअर्ड होस्टिंग स्वस्त," तो म्हणाला. "सामाईक विहीर समजा. एक सर्व्हर, वापरणारे बरेच."

दादा ताडकन उठला. चुलत्यांशी विहिरीची केस अजून कोर्टात आहे.

"बरं, मग व्हीपीएस घ्या. सर्व्हर एकच, पण तुमचा तुकडा वेगळा. मध्ये बांध."

"आन् बांध कोरला मग?"

"साहेब, सॉफ्टवेअरचा बांध कोरता येत नाही."

"माझ्या चुलत्याला तुमी वळखत न्हाई."

अख्खा सर्व्हर स्वतःचा घ्यायचा, तर घोंगड्यांऐवजी मेंढ्याच विकाव्या लागल्या असत्या. उरला क्लाउड. होस्टिंगवाल्याने हौसेने अर्थ सांगितला, "क्लाउड म्हणजे ढग!" आणि स्वतःचा घात करून घेतला.

"ढगावर?" दादा माझ्याकडे वळला. "माणातल्या माणसाला ह्यो ढगावर भरवसा ठेवाय सांगतोय रं!"

अखेर वहिनी कडाडली, "आवं, मला घोंगडी इकायची हायत, सर्व्हर न्हाई! त्या साइटवर रोज किती माणसं येणार, तेवढ्याला काय पुरंल, ते तरी इचारा." होस्टिंगवाला म्हणाला, सुरुवातीला शेअर्ड भरपूर झालं, गर्दी वाढली की पुढं बघू.

"मग सर्व्हरचा सातबारा दाखवा," दादा म्हणाला. "शेजारी कोण कोण हाय, कळू द्या."

होस्टिंगवाला आधी हसला. मग त्याने दादाच्या मिशा पाहिल्या आणि निमूटपणे यादी काढली. सांगलीचा एक दातांचा डॉक्टर, एक बेदाणेवाला, एक वधूवर सूचक मंडळ. दादाने चष्मा लावून फेरफार तपासावा तशी ती तपासली. "डाक्टर चालंल. पर वधूवरवाल्यांकडं लगीनसराईत गर्दी उसळती." यात्रा लगीनसराईत येतच होती. तरी वहिनीने डोळे वटारले आणि सही झाली.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून वहिनी, दादा आणि मी स्टॉलवर होतो. लोक घोंगडी चाचपत, फलकाचा फोटो काढत आणि पुढे जात. दुपारी वेबसाइट बंद पडली. दादाच्या चेहऱ्यावर वधूवर मंडळाविरुद्ध दावा ठोकण्याचे भाव आले. मी होस्टिंगवाल्याला फोन लावून स्पीकर चालू केला.

"वधूवरवाले शांत आहेत हो," तो म्हणाला. "गर्दी तुमच्याच साइटवर आहे! शेकडो लोक सारखे येतायत!"

वहिनीचा चेहरा उजळला. "आन् घेतली किती जणांनी?"

"घेतलं... कुणीच नाही."

मला शंका आली. मी आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. पहाटेच दादाचा हुकूम पडला होता: 'सर्वांनी दर पाच मिनिटांनी वेबसाइट उघडून चालू असल्याचा रिपोर्ट द्यावा.' खाली मुंबईच्या पुतण्यांपासून पुण्याच्या आत्यापर्यंत शेकडो नातलगांची हजेरी: 'चालू आहे', 'चालू आहे', 'येस सर', 'आता बंद दिसतेय, परत बघतो'.

वहिनीने दादाच्या हातातला फोन ओढला, ग्रुपवर बोलायचं बटण दाबलं आणि साऱ्या यात्रेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आरं, सकाळपास्नं दारात हुबं राहून नुसतं डोकवताय, एक घोंगडं तर घ्या की रं मुडद्यांनो!"