होडीसाठी नेलेला नारळ

माझी जुनी होडी मुद्दाम बुडवली. माशांना घर होईल आणि बुड्या मारणाऱ्या पाहुण्यांना बघायला काहीतरी होईल म्हणे. जन्मभर जिच्या फटी मी बुजवल्या, तिला भोकं पाडली. जिच्यातून मासे मारले, तिच्यात आता मासेच राहतात. पाहुणे तिला हात लावून हसत वर येतात. मला मात्र त्यांना नेणारी पोरं खाली सोडत नाहीत, छातीचं कारण सांगतात.

पावसाळा सरला की होडी लोटताना नारळ द्यायचा, हा आमचा रिवाज. म्हणून यंदा लेकीच्या बोटीतून गेलो आणि जिथे माझी होडी बुडवली, नेमका तिथेच पाण्यात नारळ सोडला.

लेक हसली. "बाबा, नारळ कधी बुडतो होय?"

"गप गो. तिला पोचतो."

नारळ थोडा वेळ तिथेच डुलला. मग लाटेने त्यालाही किनाऱ्याकडे परतवून लावलं.