कुरडूची कणसं

नवऱ्याला लकवा झाला आणि आमचा माग बंद पडला, ती सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या सुताच्या कांड्या भरायची. घरी येऊन यांना पुसायचं, भरवायचं. एका घासाला तोंड उघडायला हे मिनटं न् मिनटं घ्यायचे, आणि शब्द तर एकही नाही. एक हाक मारा, एवढंच मागणं होतं माझं. जीव मेटाकुटीला आला होता.

यांची खाट मागच्या खिडकीशी होती. बाहेर मोकळ्या जागेत कमरेएवढं कुरडूचं तण माजलं होतं. कणसं पिकली की इवल्या मुनिया थव्यानं यायच्या, देठाला लटकून काळं बी टिपायच्या. हे तासन्‌तास तेच बघत. बायको मरमर मरतेय आणि यांचं ध्यान पाखरांत! खरंच सांगते, रागच यायचा मला.

दिवाळी तोंडावर आली. मी कामावर असताना धाकट्या दिरानं सगळं कुरडू कापून ढीग घातला. ‘‘वहिनी, साप-गिप निघते, साफ करून टाकलं,’’ म्हणाला. बिचाऱ्यानं माझे कष्टच वाचवले होते. मी आत गेले तर यांचे डोळे लाल, ओठ थरथरत होते.

‘‘काहून तोडलं वं?’’

इतक्या महिन्यांनी पहिला शब्द, तोही माझ्यावर आळ घेऊन!

‘‘मी नाई तोडलं!’’ मी किंचाळले आणि तिथंच भुईवर बसून रडले. आनंदही झाला होता, संतापही होता. उठायला मात्र त्राण नव्हतं.

तरी उठले. गल्लीत मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरायचे खुंट पडून होते, ते खिडकीसमोर ठोकले. ढिगातली कणसं काढून त्यांच्या पेंढ्या सुतानं खुंटांना बांधल्या. सकाळी मुनिया आल्या, आणि त्यांच्या भारानंच एक पेंढी घसरली.

‘‘गाठ ढिली हाये,’’ हे म्हणाले. लग्न होऊन मी मागावर बसले तेव्हापासून हेच वाक्य ऐकत आले होते.

‘‘मंग तुमीच बांधा!’’ मी पेंढी आणून त्यांच्या मांडीवर टाकली.

त्यांनी डाव्या हातानं सूत उचललं. उजवा हात चालत नव्हता. घासाला न उघडणारं तोंड त्यांनी आपणहून उघडलं, सुताचं टोक दातांत धरलं आणि गाठ आवळू लागले. मी पेंढी धरून उभी राहिले.