मागच्या वर्षीचं पान

वसुधाताईंशी मी शेवटचं जे बोलले, ते खोटं होतं.

आज त्यांना जाऊन महिना झाला. उद्या मीटिंग आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपला, म्हणजे ब्रिटनचा, आणि आपल्या उत्तरेकडच्या शेजारी देशांचा समुद्र एकच. म्हणून इथले आणि तिथले खासदार वर्षातून एकदा एकत्र बसतात. मासे, पक्षी, प्लॅस्टिक, तापत चाललेलं पाणी, सगळ्यावर बोलतात. आपल्या बाजूचं ऑफिसचं काम वसुधाताई बघायच्या. मी त्यांच्या हाताखाली.

लंडनमधल्या एजवेअरच्या वसुधाताई. कार्डिगन, थर्मास आणि पर्समध्ये कायम आल्याच्या वड्या.

त्यांचा एक नियम होता. मीटिंगची सुरुवात मागच्या वर्षीच्या पानाने.

म्हणजे गेल्या वर्षी कोणी काय कबूल केलं होतं, ते एकेक करून मोठ्याने वाचायचं. ज्याने कबूल केलं त्याने उत्तर द्यायचं. उत्तरं दोनच. झालं, किंवा नाही झालं.

एकदा आपलेच एक खासदार म्हणाले, "वी आर मेकिंग गुड प्रोग्रेस."

ताईंनी पेन उचललं आणि शांतपणे विचारलं, "सो, नॉट डन?"

"नॉट डन," ते म्हणाले. ताईंनी लिहून घेतलं आणि पुढची ओळ वाचली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर बसून वाचते. उभी राहिले तर लटपटणारे गुडघे दिसतील सगळ्यांना."

गेल्या वर्षीच्या पानावर आपल्या देशाच्या नावापुढे एक ओळ होती. किनाऱ्यावर साथीने पक्षी मरायला लागले तर त्याच आठवड्यात शेजाऱ्यांना कळवायचं. त्यासाठी कुणी कुणाला फोन करायचा, याचं एक पत्र सगळ्यांना पाठवायचं.

ते पत्र माझ्याकडे होतं.

दोन पानांचं तर होतं. मी लिहिलं, सहीसाठी वर पाठवलं आणि ते तिथेच पडून राहिलं. दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा द्यायला घाबरले. सारखी मागे लागते म्हणतील, म्हणून.

ताई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा भेटायला गेले. आवाज अगदी खोल गेला होता.

"ते पक्ष्यांचं पत्र गेलं ना गं?"

"हो ताई. झालं."

"बरं झालं बाई. आता तू बघशील सगळं."

आणि डोळे मिटून पडल्या. मला वाटलं, चांगलंच केलं. आजारी माणसाच्या जिवाला घोर कशाला.

चार दिवसांनी त्या गेल्या.

पुढच्याच आठवड्यात आपल्या उत्तर किनाऱ्यावर पक्षी मरून पडायला लागले. शेजाऱ्यांना आमच्याकडून कुणीच कळवलं नाही. कुणी कळवायचं तेच ठरलं नव्हतं. त्यांच्या बेटांवर पक्षी मेले, तेव्हा त्यांना कळलं.

आधी कळवलं असतं तर काही वाचले असते का, मला माहीत नाही. कोणी तसं म्हणतही नाहीये. पण डोळे मिटले की मला तेच दिसतं.

काल आमचा हेड म्हणाला, "लेट्स स्किप दॅट पेज धिस इयर. इट वॉज वसुधाज थिंग, रिअली."

मला केवढं हायसं वाटलं, काय सांगू.

आणि मग स्वतःचीच भीती वाटली. इतकं सोपं असतं हे.

आज सकाळी मेडनहेडहून येताना ट्रेनमध्ये अजेंडा पुन्हा उघडला. पहिला आयटम परत टाकला. मग ते पान टाईप करायला घेतलं. आपल्या नावापाशी येऊन बोटं थांबली. "इन प्रोग्रेस" लिहावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"नॉट डन" लिहिलं आणि सगळ्यांना पाठवून दिलं.

हेडचा मेल आलाय. अजून उघडलेला नाही.

उद्या त्या बेटांवरच्या खासदार बाई माझ्या समोर बसतील आणि मला ती ओळ मोठ्याने वाचायची आहे. भयंकर भीती वाटतेय. मी बसूनच वाचणार आहे.

ताई, तुम्ही विचारलं होतंत, पत्र गेलं ना म्हणून.

नाही ताई. नाही झालं.

मला माफ करा. तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.