आमच्या रस्त्यावरची गर्दी

आम्ही राहतो त्या वस्तीला गाव म्हणायचं म्हणजे जरा जास्तच झालं. कॅन्ससच्या सपाट माळावर बोटांवर मोजण्याइतकी घरं, एक चर्च आणि धान्याचं अवाढव्य कोठार. सरकारदरबारी हे गावच नाही. ना नगरपालिका, ना महापौर. त्यामुळे भांडायला हक्काचा माणूस मिळत नाही. माझ्यासारख्या नागपूरच्या बाईची ही मोठीच गैरसोय. नवऱ्याला इथल्या पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम मिळालं, म्हणून आम्ही डॅलसजवळच्या अर्विंगमधले डोसे सोडून आलो.

इथं नियम एकच. समोरून गाडी आली की ओळख दाखवायला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ही बाई सगळ्यांवर रुसलीय असा वस्तीचा समज झाला. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दारात येऊन मला बोट उचलायला शिकवलं. तेव्हापासून ते माझे काका.

काकांना रस्ता दिसतो, पण समोरच्या गाडीत कोण आहे ते कळत नाही. मागे एकदा त्यांनी पिकअप ट्रक स्वतःच्याच टपालपेटीवर घातला आणि बातमी डॅलसला त्यांच्या मुलीपर्यंत पोचली. ती येऊन त्यांच्या शेजारी बसून एक चक्कर मारणार होती. नजर अधू निघाली, तर त्यांना कायमचं डॅलसला नेणार होती.

"प्रत्येक गाडीला ती विचारेल, बाबा, कोण गेलं?" काका माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले. "मी काय सांगू? मला इथून जायचं नाहीये गं."

मग काय, माझं डोकं चालायला लागलं. मी गाड्यांचा क्रमच ठरवून टाकला. आधी चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाई, मग कोठारवाला, मग मी, शेवटी ट्रॅक्टरवाला. काकांनी फक्त पाठ करायचं.

"अगं, हे टोटल क्रेझी आहे यार," नवरा म्हणाला. "पकडले गेलो तर?"

"तू गप बस आणि मला गाडीची चावी दे."

त्या दिवशी सगळे उत्साहानं निघाले. काकांनी पियानोवाल्या बाईंना अचूक ओळखलं. वर "आज नवी टोपी दिसतेय" असंही ठोकून दिलं. बाई बोडक्या डोक्यानं गेल्या होत्या. कोठारवाल्याला वाटलं, आपलं बोट नीट दिसलं नसावं. म्हणून तो शेताला वळसा घालून पुन्हा समोरून आला. मी आले तेव्हा ट्रक रस्त्याकडेला उभा होता आणि मुलगी खाली उतरून हात दाखवत होती. मी थांबले.

"मी याच रस्त्यावर वाढले," ती म्हणाली. "इथं सकाळभरात एक गाडी गेली तरी आम्ही खिडकीत धावायचो. आज मिरवणूक निघालीय. आता कोण येणार आहे?"

मी नकळत मागे वळून पाहिलं. ट्रॅक्टर येतच होता.

ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. तोवर बाकीचेही परत येऊन माना खाली घालून उभे राहिले.

"बाबा इथंच राहतील," ती म्हणाली. "पण ट्रक मी नेणार. त्यांना डॉक्टरकडे कोण नेईल?"

आम्ही सगळे एकदमच "मी" म्हणालो आणि लगेच कोणाची गाडी जास्त चांगली यावर वाद घालायला लागलो. मी तर हरखूनच गेले होते.

काका मात्र अजून ट्रकमध्ये स्टिअरिंग धरूनच बसले होते. मुलगी ट्रकच्या त्यांच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मग काका चावी तशीच राहू देऊन, बसल्या बसल्याच हळूहळू पलीकडच्या सीटवर सरकले आणि तिला जागा करून दिली.