सध्या आत

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ठाण्यातल्या आमच्या ऑफिसातून डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याच्या कामगारांच्या घरी मेसेज गेले. मजकूर नेहमीचाच होता: कामगाराचे नाव, पुढे 'आत आले' आणि वेळ. तारीख नव्हती. त्यातला एक मेसेज विठ्ठलवाडीच्या एका चाळीत पोचला. ज्यांच्या नावाने तो आला ते गृहस्थ सत्त्याहत्तर दिवस बेपत्ता होते.

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी या ऑफिसात लागले होते. कारखाने, दवाखाने, पतपेढ्या यांच्या कॉम्प्युटरमध्ये जे काही असते त्याची प्रत दर तासाला लाईनवरून आमच्याकडे येते आणि साठवली जाते. तिकडे आग लागली किंवा पाणी शिरले तरी इकडची प्रत शाबूत राहते. प्रत्येक प्रत नव्वद दिवस ठेवतात, मग ती आपोआप पुसली जाते. मशीनमधले मला फारसे कळत नव्हते. माझे काम लिहिण्याचे: कामाच्या याद्या, पत्रे, अहवाल.

सहा महिन्यांतून एकदा सराव असतो. साठवलेली एक प्रत रिकाम्या मशीनवर चढवायची आणि ती चालते का ते पाहायचे. कुठली प्रत घ्यायची ते भिशीसारखे चिठ्ठ्या टाकून ठरते. त्या मंगळवारी कल्याणहून येणाऱ्या आमच्या इंजिनीअर मुलीने डब्याच्या झाकणातून चिठ्ठी उचलली.

"लागली भिशी, ताई," ती म्हणाली. "सकाळी नऊची प्रत. त्या दिवशी नऊनंतर तिकडचा सर्व्हर बसलेला."

सत्त्याहत्तर दिवसांपूर्वीची ती प्रत होती. कारखान्याने त्या दुपारी स्वतःकडची आदल्या संध्याकाळची प्रत चढवून काम सुरू केले होते आणि सकाळची हजेरी सुपरवायझरांच्या वह्यांवरून हाताने भरली होती. आमच्याकडची नऊची प्रत कोणी मागितली नव्हती.

ती चढली तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात नऊ वाजले होते, भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकोणीस. 'सध्या आत' ही यादी उघडली. आग लागली तर कोणाकोणाला बाहेर काढायचे आहे ते कळावे म्हणून केमिकल कारखान्यांत ही यादी ठेवतात. सकाळची पाळी नुकतीच आत गेल्यासारखी नावे एकाखाली एक येत गेली. त्यानंतर त्या सकाळी अडकून पडलेले मेसेज सुटू लागले.

इंजिनीअरने वायर ओढली, पण तोवर सगळे गेले होते. सुरू करण्याआधी मेसेजची वायर काढायची, ही सूचना सरावाच्या कामांच्या जुन्या यादीत शेवटची होती. यादी एका पानात बसावी म्हणून ती मी कापली होती. वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात.

बाकीच्या घरांतली माणसे त्या दिवशी खरोखरच कामावर होती. एकाच दिवशी दोनदा मेसेज आल्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. विठ्ठलवाडीची बाई मात्र दीड वाजता कारखान्याच्या गेटवर पोचली. सिक्युरिटीने रजिस्टर दाखवले, खुर्ची दिली, चहा दिला. ती खुर्चीत बसली नाही. पाळी सुटेपर्यंत उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे तोंड पाहत राहिली, असे कारखान्याच्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितले. माफीचे पत्र पाठवा, असेही सांगितले. 'तांत्रिक चुकीमुळे' एवढे पुरे होते.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन मी विठ्ठलवाडीला गेले. खोलीत ती आणि तिची सासू होती. खुंटीवर पुरुषाचा इस्त्री केलेला शर्ट होता. नवरा त्या सकाळी आठला डबा घेऊन निघाला, हे तिने पोलिसांना पहिल्या दिवसापासून सांगितले होते. तो त्या दिवशी कामावर आलाच नाही, असे कारखान्याने लेखी दिले होते. त्यामुळे शोध स्टेशनांवर, हॉस्पिटलांत आणि कोकणातल्या गावी चालला होता.

"चाळीतल्या बायका मला विचारतात," सासू म्हणाली, "नवी सून पसंत पडली का म्हणून."

मी पत्र दिले आणि तोंडी समजावले: मेसेज आजचा नाही, जुना आहे. त्या सकाळची प्रत आम्ही मशीनवर चढवली. मशीनला वाटले तीच सकाळ आहे, म्हणून त्याने राहिलेले काम केले.

तिने फोन उघडून मेसेज पाहिला. आत आले, ८.५२.

"म्हणजे त्या दिवशी हे आत गेले होते?"

मी तपासून कळवते म्हणाले.

"आत गेले असतील तर आत शोधा ना, ताई," ती म्हणाली. "बाहेर सगळं शोधून झालं."

ठाण्याला परतल्यावर इंजिनीअरने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. आमच्या प्रतीत त्या दिवशी आठ बावन्नला दोन नंबरच्या गेटवर त्यांची नोंद होती, कार्डाची नव्हे, बोटाच्या ठशाची. कारखान्याकडच्या हजेरीत त्या दिवशी त्यांच्या नावापुढे गैरहजर होते, कारण सुपरवायझरच्या वहीत ते गैरहजर होते. गेटपासून त्यांच्या डिपार्टमेंटपर्यंत चालत चार मिनिटे लागतात. बाहेर गेल्याची नोंद दोन्हीकडे नव्हती.

प्रत पुसली जायला बारा दिवस होते. ती राखून ठेवायला कारखान्याची परवानगी लागते, कारण प्रत त्यांची असते. अधिकाऱ्याने सांगितले की नियम आहे तो पाळा. सर्व्हर बसायच्या आधीच्या नोंदींवर काय भरवसा ठेवायचा, असेही तो म्हणाला. त्या प्रतीतल्या इतर सर्व नोंदी सुपरवायझरांच्या वह्यांशी जुळत होत्या.

मी दुसरे पत्र लिहायला घेतले. पहिल्या पत्रात कारण नीट दिलेले नव्हते, ते यात दिले. मेसेज कोणत्या दिवशीच्या, कोणत्या गेटवरच्या, किती वाजताच्या नोंदीचा होता आणि ती नोंद आमच्याकडून कोणत्या तारखेला पुसली जाईल, ही शेवटची ओळ. मसुदा अधिकाऱ्याला पाठवला तेव्हा त्याने तीच ओळ काढायला सांगितली.

इंजिनीअर माझ्या मागे उभी राहून वाचत होती.

"ताई," ती म्हणाली, "या वेळी खालून कापू नका हं."

पत्र ओळीसकट रजिस्टर्ड पोस्टाने गेले. बाईने ते पोलीस ठाण्यात नेऊन दिले. पुसली जायला तीन दिवस उरले असताना पोलिसांचे पत्र आले आणि प्रत वेगळ्या डिस्कवर काढून सील झाली. पुढच्या महिन्यात कारखान्याने आमच्याकडचा करार संपवला. पोलिसांनी कारखान्याचे आवार दोनदा तपासले, टाक्या रिकाम्या करून पाहिल्या, दोन नंबरच्या गेटपासून डिपार्टमेंटपर्यंतचा रस्ता मोजला. सापडला तो एक स्टीलचा डबा, गेटजवळच्या सायकल स्टँडवर. बाईने तो ओळखला. धुतलेला नव्हता, रिकामाही नव्हता.

त्यानंतर पोलिसांसमोर ती प्रत तीनदा उघडण्यात आली. तिन्ही वेळा मी हजर होते. दर वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात नऊ वाजलेले होते आणि 'सध्या आत' या यादीत ते नाव होते.